कॉलेजची सायन्स लॅब बिल्डिंग बांधताय? ठाणे–नवी मुंबईवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी आर्किटेक्ट आहे, गेली बरीच वर्षं फक्त लॅबचीच कामं करते, राहायला ठाण्यात आणि ऑफिस बेलापूरला. ट्रस्टी, प्राचार्य, एचओडी, कधी कधी पीएचडीची मुलं सुद्धा फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. वाचून झाल्यावर फोन केला तरी चालेल पण प्लीज "मॅडम, एलिव्हेशन कसं दिसेल" इथून सुरुवात करू नका.

सायन्सची बिल्डिंग म्हणजे नेहमीची कॉलेजची बिल्डिंग आणि जास्तीची बेसिनं, एवढंच ना?

नाही हो. वर्गाच्या बिल्डिंगमध्ये माणसं येतात, बसतात, जातात, खिडक्या उघडल्या की काम झालं. लॅबमध्ये हवा सतत आत आणायची असते, वापरायची असते आणि बाहेर फेकायची असते, तीही परत आत येणार नाही अशी. खोलीतली सगळी हवा तासाला साधारण सहा ते बारा वेळा बदलायची आणि केमिस्ट्रीच्या लॅबमधली हवा एसीसारखी फिरवून परत वापरायची नाही, एकदा गेली की गेली. एवढी हवा न्यायला डक्ट (हवेचे मोठे पाइप) लागतात, डक्टला शाफ्ट (मजल्यांमधून सरळ वर जाणारी पोकळी) लागतात, शाफ्टला जागा लागते आणि ती जागा नेमकी तीच असते जी ट्रस्टींना स्टोअर रूमसाठी हवी असते. माझ्या पहिल्याच लॅबच्या कामात असं झालं, शाफ्ट मी कागदावर दाखवला होता पण मीटिंगमध्ये "एवढी मोकळी जागा कशाला" असं कोणीतरी म्हटलं आणि मी नवीन होते, गप्प बसले. आज त्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवरून सहा डक्ट चढलेत, खिडक्यांसमोरून, कबुतरं बसतात त्यावर. चूक माझीच होती.

तर आधी हवेची वाट ठरवायची, मग खोल्या. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं जुगाड होतं.

मग सुरुवात नक्की कुठून करायची?

लॅब असिस्टंटपासून. एचओडी सर सांगतात काय हवंय ते, पण बाटल्या कुठे ठेवल्या जातात, कुठलं सिंक तुंबतं, सिलिंडरवाला कुठल्या दारानं येतो, सुट्टीत कुठलं मशीन चालू ठेवावं लागतं हे तीस वर्षं त्या लॅबमध्ये काढलेल्या माणसालाच माहीत असतं. एका कॉलेजात मी तिथल्या काकांना विचारलं, "नवीन लॅबमध्ये काय पाहिजे?" तर म्हणाले, "मॅडम, दार मोठं करा, मागच्या वेळी मशीन आलं तेव्हा भिंत फोडली होती." झालं, तेव्हापासून माझ्या प्रत्येक लॅबला दीड पल्ल्याचा दरवाजा असतो, एक मोठा पल्ला रोजचा आणि छोटा पल्ला मशीन यायच्या दिवशी उघडायचा.

मग उपकरणांची यादी करायची. नुसती नावं नाही, प्रत्येकाचं वजन, वीज किती, पाणी लागतं का, गॅस कुठले, उष्णता किती सोडतं, कंपन चालतं का. ही यादी करायला दोन महिने लागले तरी लागू देत.

आणि मोजमापाचं एक एकक पकडायचं, त्याला आम्ही मॉड्यूल म्हणतो, साधारण ३.३ मीटर रुंद. हा आकडा आभाळातून पडलेला नाही, दोन्ही बाजूंना पाऊण मीटर खोलीची टेबलं, मधे दीड मीटरची वाट म्हणजे एक माणूस काम करत असताना मागून दुसरा ॲसिडची बाटली घेऊन धक्का न लावता जाऊ शकेल, आणि उरलेलं पार्टिशन आणि पाइपांसाठी. सगळी बिल्डिंग याच पटीत बसवली की उद्या भिंत काढून दोनाच्या तीन खोल्या करायच्या तर लाइट, पाइप, डक्ट काही हलवावं लागत नाही.

मजल्याची उंची तुम्ही साडेचार मीटर मागता, घरांना तर तीन मीटर पुरते, वरची जागा वाया नाही का जात?

वाया नाही, ती डक्टची खोली आहे असं समजा. स्लॅबखाली बीम, बीमखाली एक्झॉस्टचा मोठा डक्ट, त्याला आडवा जाणारा ताज्या हवेचा डक्ट, मग पाण्याचे पाइप, गॅसच्या लाइन, केबल ट्रे, स्प्रिंकलर, आणि या सगळ्याखाली माणसाला अडीच-तीन मीटर उंची हवी. ४.२ ते ४.५ मीटरच्या खाली गेलात की पहिला बळी फॉल्स सीलिंगचा आणि दुसरा एसीवाल्याच्या मनःशांतीचा.

लुई कान माहीत असतील, अहमदाबादचं आयआयएम त्यांचंच. त्यांनी कॅलिफोर्नियात ला होया इथे सॉल्क इन्स्टिट्यूट बांधली, १९६५ मध्ये पूर्ण झाली, तिथे त्यांनी प्रत्येक लॅबच्या डोक्यावर एक अख्खा मजला फक्त पाइप आणि डक्टसाठी दिला, जवळपास नऊ फूट उंच, म्हणजे प्लंबर लॅबमध्ये न शिरता वरच्या वर काम करतो. लोक तिथला अंगण आणि समुद्राचा फोटो टाकतात, मला तो पाइपांचा मजला जास्त आवडतो. आणि गंमत म्हणजे त्याआधी त्यांनीच फिलाडेल्फियात रिचर्ड्स लॅब बांधली होती, आर्किटेक्ट लोकांनी डोक्यावर घेतली, आतल्या शास्त्रज्ञांनी मात्र ऊन येतं म्हणून काचांवर कागद आणि फॉइल चिकटवले. एवढ्या मोठ्या माणसाचंही पहिल्या फटक्यात जमलं नाही तर आपण थोडं विचारून घ्यायला काय हरकत आहे.

आपल्याकडे अख्खा मजला देणं परवडत नाही, मान्य. म्हणून मी कॉरिडॉरच्या बाजूला चालता येईल असा शाफ्ट मागते, माणूस आत शिरून व्हॉल्व्ह बंद करू शकेल एवढा. एफएसआयचं काय ते तुमच्या लायझनिंग आर्किटेक्टशी सुरुवातीलाच बोलून घ्या, शेवटी नको.

फ्यूम हूड, लॅमिनार फ्लो, बायोसेफ्टी कॅबिनेट हे एकच का?

अजिबात नाही आणि या गोंधळामुळे चुकीच्या खरेदी झालेल्या मी पाहिल्यात. फ्यूम हूड म्हणजे समोर वरखाली होणारं शटर असलेलं कपाट, ते खोलीतली हवा आत ओढतं आणि छतावरून बाहेर फेकतं, म्हणजे तुम्हाला वाफांपासून वाचवतं. लॅमिनार फ्लो बरोबर उलटं, स्वच्छ हवा तुमच्या तोंडावर फेकतं, नमुना वाचतो तुम्ही नाही, त्यात जंतू किंवा ॲसिड घेऊन बसलात तर ते सगळं थेट तुमच्या नाकात. बायोसेफ्टी कॅबिनेट दोघांनाही वाचवतं पण जंतूंपासून. नेहमीच्या क्लास टू ए-टू प्रकारात साधारण सत्तर टक्के हवा हेपा फिल्टरमधून परत आतच फिरते आणि हेपा फिल्टर धूळ, जंतू अडवतो, सॉल्व्हंटची वाफ नाही. तेव्हा त्यात क्लोरोफॉर्म उघडायचा नाही.

किती हूड लागतील? सिंथेसिस करणाऱ्या रिसर्च लॅबमध्ये दोन माणसांमागे एक तरी, काही ठिकाणी माणशी एक. बीएस्सीच्या लॅबमध्ये कमी, पण शून्य नाही. आपल्या पिढीनं किपच्या उपकरणातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा तो सडक्या अंड्यांचा वास सॉल्ट ॲनालिसिस करताना पोटभर घेतलाय आणि त्याच्या गमतीच्या गोष्टी पण सांगतो, पण त्या वायूचं वाईट हे की प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो तेव्हा खरा धोका असतो.

पावसाळ्यात एसीचं बिल एवढं का येतं?

हा माझा आवडता प्रश्न, जरा हिशोब करू.

सहा फुटी फ्यूम हूड घ्या, शटर पूर्ण वर. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर ठेवतात, उघडं तोंड साधारण १.६ बाय ०.७ मीटर. म्हणजे तासाला सुमारे २००० घनमीटर हवा बाहेर. ठाण्यातल्या साडेसहाशे फूट कार्पेटच्या टू बीएचकेमधली सगळी हवा पाच मिनिटांत गायब, असं समजा. जेवढी बाहेर गेली तेवढी बाहेरूनच आत आणायला लागते, आणि जुलैमध्ये आपल्याकडे बाहेरची हवा कशी असते ते कपडे वाळत घालणाऱ्या कोणालाही विचारा. ३० डिग्री आणि ८५ टक्के ह्युमिडिटी धरली तर दर किलो हवेत २३ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. ती १३ डिग्रीपर्यंत थंड केली की नऊ-साडेनऊ ग्रॅम उरतं. बाकीचं पाणी एसीच्या कॉइलवर पिळून काढायचं. एका हूडसाठी तासाला सुमारे तीस लिटर! दीड बादली पाणी, दर तासाला, एका हूडमागे. थंड करायला लागणारी क्षमता मोजली तर नऊ ते दहा टन, म्हणजे घरातले दीड टनाचे सहा एसी एका हूडला.

आता सांगा, वीस हूडची लॅब आणि सगळ्यांची शटरं रात्रभर वर.

म्हणून उपाय काय तर एक, शटर खाली केलं की एक्झॉस्ट आपोआप कमी होईल असे व्हीएव्ही हूड घ्या, महाग आहेत पण आपल्या हवेत पैसे लवकर फिटतात. दोन, ज्या मशीनना उष्णता काढायला थंडावा लागतो पण ताजी हवा लागत नाही, फ्रीजर, कॉम्प्युटर वगैरे, ते हूडच्या खोलीत ठेवूच नका, वेगळ्या खोलीत साध्या एसीवर ठेवा. तीन, बाहेर जाणाऱ्या थंड हवेचा थंडावा परत मिळवा, पण फिरत्या चाकानं नाही, त्यात गलिच्छ हवा चोरपावलांनी आत येते, दोन वेगळ्या कॉइल आणि मधे पाण्याचा पाइप असा प्रकार करा. आणि ते पिळून काढलेलं पाणी गटारात सोडू नका, कूलिंग टॉवरला द्या, चांगलं मऊ पाणी असतं ते.

बऱ्याच वेळा परदेशातल्या कोरड्या हवेच्या ड्रॉइंगवरून एसी डिझाइन होऊन येतो, तापमान बरोबर राखतो आणि ओल राखत नाही. मग सप्टेंबरपर्यंत आयआर (इन्फ्रारेड) मशीनच्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या धूसर होतात, पेलेट चिकटतात आणि दोष सप्लायरला.

आमच्या बाजूला तीस मजली टॉवर आहेत, एक्झॉस्ट त्यांच्या खिडकीत जाणार नाही ना?

जाऊ शकतो, आणि घोडबंदर रोडला हा प्रश्न अगदी खरा आहे. साधा नियम असा की एक्झॉस्टचं धुराडं छतापासून निदान तीन मीटर वर न्यायचं आणि हवा सेकंदाला पंधरा मीटरच्या आसपास वेगानं सरळ वर फेकायची, वर ती टोपी लावायची नाही जी सगळे पावसाच्या भीतीनं लावतात कारण टोपी हवा परत खालीच ढकलते. आत पडलेला पाऊस निघून जावा म्हणून धुराड्याच्या बुडाशी पाणी निघायची सोय करतात.

पण हा नियम शेजार बुटका असताना चालतो. तुमची बिल्डिंग सहा मजली आणि चाळीस मीटरवर टॉवर उभा असेल तर कॉम्प्युटरवर नाहीतर विंड टनेलमध्ये वारा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. पावसाळ्यात नैऋत्येचा आणि पश्चिमेचा वारा, हिवाळ्यात उत्तरेकडून, दोन्ही बघायचे. आत येणाऱ्या हवेचं तोंड पण बघा, डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) धुराजवळ किंवा डिलिव्हरीचे टेम्पो उभे राहतात तिथे ठेवलेलं मी पाहिलंय. रबाळे, पावणे, तळोजा बाजूला जागा असेल तर रात्री बाहेरच्या हवेलाच वास असतो, तिथे आत येणाऱ्या हवेला कार्बन फिल्टरची जागा ठेवा.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप कुठल्या मजल्यावर ठेवायचा?

पुस्तकी उत्तर: तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या जाड स्लॅबवर, लिफ्ट, पंप, एसी प्लँट आणि रस्ता यांच्यापासून लांब. ऑफिसमध्ये सेकंदाला ४०० मायक्रॉनपर्यंतची कंपनं चालून जातात, आपल्याला जेमतेम कळतात. चांगल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला सहा, काहींना तीनच्या आत लागतात. वरच्या मजल्यावर कोणी कॉरिडॉरमधून ट्रॉली नेली तरी चित्र हलतं.

आपलं उत्तर: तळमजला मान्य, पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता आणि ठाणे, कळवा, नवी मुंबई कोणीच सुटलं नव्हतं. करोडोंचं मशीन तळमजल्यावर ठेवायचं आणि भरतीला खाडीचं पाणी नाल्यातून उलट येतं अशा प्लॉटवर? म्हणून मी जोतं उंच घेते, भराव नीट दाबून त्यावर स्लॅब, मशीनचा तुकडा बाकीच्या स्लॅबपासून कापून वेगळा, आणि बेसमेंट असेल तर त्यात फक्त गाड्या. विजेचं सबस्टेशन, डीजी, सर्व्हर, काहीही मोलाचं बेसमेंटमध्ये नाही, यावर माझं भांडण ठरलेलं असतं.

रेल्वेचं वेगळंच. फक्त गडगडाट नाही, करंटमुळे चुंबकीय क्षेत्र बदलतं. हार्बर लाइन २०१६ मध्ये जुन्या डीसीवरून २५ किलोव्होल्ट एसीवर आली, त्याआधीचं मोजमाप कोणी दाखवलं तर ते आता उपयोगाचं नाही. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ पासून चालू आहे, म्हणजे खारघरच्या प्लॉटलाही हे बघावं लागतं. प्लॉट ठरवायच्या आधी मशीनवाल्या कंपनीकडून साइट सर्व्हे करून घ्या, दिवसा आणि पहाटे लोकल बंद असताना, दोन्ही वेळा. (आणि एकदा गणपतीत. हसू नका, ढोलताशा पथक गेटवरून गेलं की आवाजानं सुद्धा चित्र फाटतं.)

एनएमआर, म्हणजे रेणूची रचना शोधायचं मशीन, असेल तर उलट काळजी, तो स्वतःच मोठा चुंबक. पाच गॉसची (गॉस म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप) रेषा फरशीवर रंगवतात, पेसमेकरवाल्यानं त्याच्या आत जायचं नाही. ही रेषा भिंतीपलीकडे आणि वरच्या मजल्यावर पण जाते हे विसरू नका, वर कोणाची केबिन आहे ते बघा. लिफ्ट लांब ठेवा, लोखंडाचा तो डबा वरखाली झाला की सिग्नल हलतो.

खाडीची जमीन आहे, पाया कसा?

नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी वर भराव आणि खाली मऊ खाडीची माती, खडक खोल. पाइल लागणार. ठाण्यात डोंगराच्या बाजूला मुरूम आणि काळा पाषाण लवकर लागतो. हे स्ट्रक्चरल इंजिनीअरचं काम, मी फक्त एवढंच सांगते की लॅबची स्लॅब जास्त जाड आणि बीमची अंतरं कमी असतील, घराच्या इमारतीच्या लोखंडाशी तुलना करून कॉन्ट्रॅक्टरशी वाद घालू नका.

टेबलाला कडप्पा चालेल ना? स्वस्तात होतो.

स्वयंपाकघराच्या ओट्याला चालेल. कडप्पा हा चुनखडकाच्या जातीचा, त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड सांडलं की फेस येतो, म्हणजे तुमचं टेबलच प्रयोगात भाग घेतं. काळा ग्रॅनाइट बरा, बहुतेक ठिकाणी तोच करतो, फक्त हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरत असाल तर त्यालाही लागतं. बजेट असेल तर इपॉक्सी रेझिन किंवा फिनॉलिक शीट. आणि टेबलाखालचं कपाट चाकांवर घ्या, मशीन बदलली की कपाट सरकवता येतं.

सध्या सगळे ओपन लॅब म्हणतात, भिंती काढून मोठा हॉल, बरं की वाईट?

रिसर्चसाठी बरं. चार ग्रुपची मुलं एकाच हॉलमध्ये असली की मशीन वाटून वापरली जातात, जागा वाढते-कमी होते, आणि कोणीतरी दुसऱ्याचं काम बघून शहाणं होतं. पण गोंगाट करणारं, अंधार लागणारं, जंतूंचं, लेझरचं, घाण वासाचं हे सगळं बाजूच्या बंद खोल्यांमध्ये. आणि लिहायचं टेबल लॅबच्या बाहेर, काचेच्या भिंतीपलीकडे, खिडकीजवळ. मुलं लॅबमध्येच डबा खातात कारण आपण त्यांना दुसरी जागाच दिलेली नसते! वडापाव एका हातात आणि पिपेट दुसऱ्या हातात, ही शिस्तीची नाही, प्लॅनची चूक आहे. प्रत्येक मजल्यावर एक चहाची जागा द्या, दरवाजा बंद होणारी.

प्राध्यापक सुरुवातीला चिडतात, "माझी लॅब" या शब्दाला धक्का लागतो. तो प्रश्न आर्किटेक्टला सुटत नाही.

सिलिंडर लॅबमध्येच ठेवले तर काय होतं? सगळे तसंच करतात.

एक नेहमीचा सिलिंडर दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोच्या दाबानं भरलेला असतो, पडला आणि व्हॉल्व्ह तुटला की तो भिंत बघत नाही. बंगळुरूच्या आयआयएससीत डिसेंबर २०१८ मध्ये लॅबमध्ये स्फोट होऊन एका तरुण संशोधकाचा जीव गेला. म्हणून सिलिंडर बाहेर, हवेशीर जाळीच्या खोलीत, साखळीनं बांधलेले, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे, आणि तिथून पाइपनं गॅस आत. सिलिंडरचा टेम्पो त्या खोलीपर्यंत येऊन मागे फिरू शकतो का ते पण बघा, नाहीतर शेवटी माणूस तो फरशीवरून घरंगळत आणतो.

लिक्विड नायट्रोजनकडे लोक पाण्यासारखं बघतात. उणे १९६ डिग्री हे सगळ्यांना पाठ, पण त्याचा वायू झाला की जवळपास सातशे पट पसरतो हे लक्षात राहत नाही. पंचवीस लिटरच्या एका डब्यातून सतरा घनमीटर वायू. लिफ्टचा डबा असतो पाचेक घनमीटरचा. लिफ्ट अडकली आणि डबा सांडला तर आत श्वास घ्यायला काही उरत नाही आणि नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, माणूस सरळ कोसळतो. तेव्हा डबा लिफ्टमध्ये एकटा पाठवायचा, माणूस जिन्यानं, आणि वरच्या मजल्यावर दुसरा माणूस उभा. ज्या खोलीत नायट्रोजन साठवता तिथे ऑक्सिजन मीटर, १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की वाजणारा, आणि त्याचा दिवा दाराच्या बाहेर. आत लावला तर बघायला आत जावं लागेल ना.

आग लागली तर?

प्रत्येक लॅबला दोन दारं, बाहेरच्या दिशेनं उघडणारी, आणि हूड दाराजवळ कधीच नाही, कारण आग हूडमध्येच लागते आणि मग बाहेर पडायचं कुठून. ज्वलनशील सॉल्व्हंट शक्यतो खालच्या मजल्यांवर, मोठा साठा इमारतीबाहेर, लॅबमध्ये दिवसाला लागेल तेवढंच. साधा घरगुती फ्रिज सॉल्व्हंट ठेवायला वापरू नका, आतल्या दिव्याच्या स्विचची ठिणगी पुरते. सरसकट पाण्याचे स्प्रिंकलर लावा पण सोडियम, लिथियमवाल्या खोलीचं आधी सांगा.

इमर्जन्सी शॉवर लावायला सांगतात, त्याचं पाणी कुठे जाणार?

कोणी विचारत नाही आणि सगळ्यांनी विचारायला हवं. शॉवर दहा सेकंदांत पोचता येईल एवढ्या अंतरावर हवा आणि पंधरा मिनिटं चालायला हवा, मिनिटाला साधारण ७५ लिटर. म्हणजे हजार लिटरच्या वर पाणी, आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या एका काळ्या टाकीएवढं, लॅबच्या फरशीवर. म्हणून उतार आणि ड्रेन द्या. फक्त मे महिन्याच्या सुट्टीत त्या ड्रेनच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि जूनमध्ये "लॅबमध्ये गटाराचा वास येतो" अशी तक्रार येते, तेव्हा शिपायाला दर शनिवारी एक तांब्या पाणी ओतायला सांगा. वरची टाकी उन्हात असेल तर एप्रिलमध्ये डोळे धुवायचं पाणी चहा करण्याएवढं गरम येतं, टाकीवर शेड घाला.

सिंकमधलं पाणी आणि कचरा?

लॅबच्या सिंकचं पाणी संडासाच्या लाइनला जोडायचं नाही, वेगळा प्लास्टिकचा पाइप, खाली न्यूट्रलायझेशनची टाकी, मग पुढे. सॉल्व्हंट आणि जड धातू सिंकमध्ये जाताच कामा नयेत, त्यांचे डबे भरून ठेवायला वेगळी हवेशीर खोली द्या. घातक कचरा साधारणपणे नव्वद दिवसांच्या वर साठवता येत नाही, २०१६ च्या नियमात आहे, आणि आपल्याकडे तळोज्याची सोय जवळच आहे म्हणजे सबब नाही.

डिआयोनाइज्ड पाण्याच्या आरओतून जेवढं पाणी मिळतं जवळपास तेवढंच फेकलं जातं, ते फ्लशला वळवा.

वीज जाते अधूनमधून, डीजी किती मोठा घ्यायचा?

आधी ठरवा की वीज गेल्यावर काय बंद पडलं तरी चालेल. दिवे, जिने, आग विझवणारे पंप हे तर आलेच, शिवाय उणे ८० चे फ्रीजर, इनक्युबेटर, आणि फ्यूम हूडचे एक्झॉस्ट पंखे, कारण हूडमध्ये रिॲक्शन चालू असताना पंखा थांबला तर वाफ परत खोलीत येते. पण नुसता एक्झॉस्ट चालू आणि ताजी हवा बंद असं झालं तर खोलीत इतका ओढा तयार होतो की दार उघडत नाही. हे दोन्ही एकत्र चालू-बंद व्हायला हवेत. यूपीएस फक्त मशीनला, डीजी येईपर्यंतच्या मिनिटापुरता.

परवानग्या किती?

यादी मोठी आहे, महत्त्वाचं तेवढं सांगते. ठाणे आणि नवी मुंबई पालिकेच्या हद्दीत बांधकामाचे २०२० चे एकत्रित नियम लागतात, प्लॉट एमआयडीसीचा असेल तर त्यांचे वेगळे. फायर एनओसी, आणि नंतर वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, आग विझवायची यंत्रणा ठीक असल्याचं लायसन्सधारक एजन्सीचं फॉर्म बी. एक्स-रे डिफ्रॅक्शनसारखं मशीन असेल तर अणुशक्तीनगरला एईआरबी (किरणोत्साराच्या सुरक्षेवर देखरेख करणारी सरकारी संस्था) आहे, त्यांच्याकडे ऑनलाइन नोंदणी. जीन बदलण्याचं काम असेल तर संस्थेची बायोसेफ्टी कमिटी. सिलिंडर आणि सॉल्व्हंटचा साठा मोठा असेल तर पेसो (स्फोटक आणि ज्वलनशील मालाचं लायसन्स देणारी केंद्राची संस्था). खाडीच्या बाजूला सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध) आणि खारफुटीपासूनचा पन्नास मीटरचा पट्टा, येऊरच्या बाजूला नॅशनल पार्कचा इको-सेन्सिटिव्ह झोन. प्लॉट बघायला जाल तेव्हाच हे तपासा, ड्रॉइंग झाल्यावर नको.

समोर पूर्ण काच हवी आहे, मॉडर्न दिसायला.

पश्चिमेला? नको. बाकी रिचर्ड्स लॅबच्या फॉइलची गोष्ट वर सांगितलीच.

जुन्या वर्गांच्या बिल्डिंगमध्ये लॅब करता येईल का?

फिजिक्स, कॉम्प्युटर, साधी बायोलॉजी, होईल. हूडवाली केमिस्ट्री करायची तर सगळ्यात वरच्या मजल्यावर करा म्हणजे डक्ट सरळ गच्चीत निघतो. मजल्याची उंची सव्वातीन मीटर असेल आणि पंधरा हूड मागत असाल तर मी नाही म्हणते, पैसे घेऊन हो म्हणणारे भेटतील.

खर्च प्रति स्क्वेअर फूट किती?

फोनवर सांगणार नाही, सांगितलेला आकडा पुढची तीन वर्षं माझ्या तोंडावर फेकला जातो. एवढं लक्षात ठेवा की सिव्हिलपेक्षा एसी, प्लंबिंग, वीज, गॅस आणि फर्निचर मिळून जास्त निघालं तर दचकू नका, लॅबमध्ये असंच असतं. आणि दरवर्षीचं विजेचं बिल आणि देखभालीचा कॉन्ट्रॅक्ट पहिल्याच बजेटमध्ये लिहा. खाडीच्या खारट हवेत साधे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे) डक्ट गंजतात, ॲसिडच्या एक्झॉस्टला तर पीपी (प्लास्टिक) किंवा एफआरपी (फायबर)च, इथे वाचवलेले पैसे पाचव्या पावसाळ्यात परत द्यावे लागतात.

बिल्डिंग तयार झाली, उद्घाटनाची तारीख ठरली, आता काय तपासायचं?

उद्घाटन पुढे ढकला, खरंच. सगळे हूड एकाच वेळी चालू करून प्रत्येकाच्या तोंडाशी वेग मोजायचा, एकेकटा मोजला की सगळेच पास होतात. मग सगळी दारं बंद करून, एक उघडून, एसी पूर्ण लोडवर ठेवून परत मोजा, आणि जमलं तर एकदा भर पावसात. वीज मुद्दाम घालवून बघा डीजीवर काय काय चालू होतं. शॉवर पंधरा मिनिटं सोडा आणि पाणी कुठे जातं ते खालच्या मजल्यावर जाऊन बघा.

ट्रेसर गॅसची, म्हणजे हूडमध्ये वायू सोडून तो बाहेर गळतो का ते मोजायची, महागडी टेस्ट कंपनी करून देते, ती घ्याच. पण तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर हूड रिकामं आणि कोरडं आहे, जवळ सॉल्व्हंटची एकही बाटली नाही याची खात्री करून एक अगरबत्ती पेटवा आणि शटरच्या कडेनं हळू फिरवा, धूर सरळ आत गेला पाहिजे. मग तुमच्या मागून एखाद्याला भराभर चालत जायला सांगा. तेव्हा धूर बाहेर तुमच्याकडे वळला तर त्या हूडची जागा चुकली आहे, वाटेच्या फार जवळ आहे, आणि हे रिकाम्या बिल्डिंगमध्ये कळलेलं बरं. अगरबत्ती लावायच्या आधी फायर अलार्मवाल्याला मात्र सांगून ठेवा, एकदा आमच्यामुळे चारही मजले खाली उतरले होते.